फिरोजी शाई

राजपाल मास्तरांनी पिशवीतून काचेची बाटली काढली, काउंटरवर ठेवली आणि टोपणावर बोटाने टिचकी मारली.

"हीच दे. हुबेहूब अशीच निळी."

ज्योतीने बाटली उचलून उजेडात धरली. लेबल कधीच निघून गेलं होतं आणि तळाला जेमतेम काडी भिजेल एवढी शाई उरली होती. बसवकल्याणात शाईच्या बाटल्या ठेवणारं मास्तरांच्या माहितीतलं हे एकच दुकान. बसस्टँडच्या मागे, झेरॉक्सचं यंत्र आणि वह्यांचे गठ्ठे यांच्या मधल्या जागेत ज्योतीने एक काचेचं कपाट फक्त पेनं आणि शाई यांच्यासाठी अडवलं होतं. नवरा म्हणायचा, यातलं काय खपतंय? ती म्हणायची, न खपंना का, बघून डोळं तरी निवतेत. ही आवड तिला मास्तरांनीच लावलेली. हळ्ळीखेडच्या शाळेत तिला 'ळ' नीट येईना, म्हणून याच मास्तरांनी तिला आठवडाभर मधल्या सुट्टीत बसवून घेतलं होतं.

तिने काडीचं टोक शाईत बुडवलं, कोऱ्या कागदावर रेघ ओढली आणि मास्तरांकडे पाहिलं. मग पुन्हा रेघेकडे.

"सर, ही काळी हाय."

"काय बोलायलीस?"

"काळी हाय सर. निळी न्हाई ही."

"अगं, चाळीस वर्षं शाईत हात बुडवलेत मी. मला शिकवायलीस?"

ज्योतीने फक्त कागद सरकवला. मास्तरांनी आधी डावा डोळा मिटला. उजव्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. मोतीबिंदू निघाल्यापासून त्या डोळ्याला सगळं जग नुकतंच धुऊन वाळत घातल्यासारखं दिसायचं. त्या डोळ्याने त्यांनी रेघ पाहिली. काळी, कोळशाइतकी काळी. मग उजवा मिटून डावा उघडला. त्याला ती नेहमीसारखीच दिसली, गडद आणि मळकी. निळी म्हणा, नाहीतर वाटेल ते म्हणा. गेली कित्येक वर्षं ते तिला निळी म्हणत आले होते.

"पाणी देऊ का सर?" ज्योतीने विचारलं, कारण मास्तर एकदम स्टुलावर बसले होते.

"दे. आन् ती बाटली झाकून ठिव आधी."

आता एवढ्याशा बाटलीने मास्तरांच्या तोंडचं पाणी का पळालं, ते सांगायला हवं. त्यांच्या घरात लग्नाचं पहिलं आमंत्रण मामाला जातं, आणि ते छापील नसतं. बापाने ते हाताने लिहायचं, निळ्या शाईत. ही पद्धत मास्तरांचे वडील मारोती यांनी घातली. दीक्षा घेतल्यावर ते चांगल्या बाप्याच्या वयात अक्षरं शिकले, आणि थोरल्या लेकीच्या लग्नात कुंकवाचं बोट लावलेली चिठ्ठी धाडण्याऐवजी त्यांनी मेहुण्याला स्वतःच्या हाताने पाच ओळी लिहिल्या. निळ्या, कारण निळा आपला रंग. पुढे त्या पद्धतीला नियमही चिकटले. पाकीट मामाच्या हाती पडेपर्यंत आतला कागद कुणी वाचायचा नाही, घरच्या बाईनेसुद्धा नाही. खाली चार बोटं जागा सोडायची. मामाने तिथे 'येतो' असं लिहून कागद परत द्यायचा आणि लग्नाच्या दिवशी तो बुद्धमूर्तीपुढे ठेवायचा.

तीन वर्षांपूर्वी, मास्तरांच्या थोरल्या मुलाच्या, सुनीलकुमारच्या लग्नात, तो कागद परत आलाच नाही. मामाही आला नाही.

मामा म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, मंगलचा, धाकटा भाऊ बुद्धरत्न, खटकचिंचोळीचा. त्या लग्नाच्या चार महिने आधी या बहीणभावंडांची आई पार्वतीबाई वारली होती. "दाजी, वरीसभर थांबा की," असं बुद्धरत्न म्हणाला होता. मास्तर म्हणाले, सुतकबितक आपण मानत नाही, बाबा. भांडण झालं नाही, आवाजही चढला नाही. मग पाकीट गेलं. तेही मास्तरांनी स्वतः नेलं नाही. डोळ्यांमुळे मोटारसायकल धड चालवता येईना, हे कबूल करायचं नव्हतं, म्हणून गावाकडे निघालेल्या एकाच्या हाती दिलं. तेव्हापासून बुद्धरत्न गप्प झाला तो झालाच. मंगलने विचारलं की म्हणायचा, "दाजीला विचार." मास्तरांना विचारलं की ते म्हणायचे, "मी काय केलंय? त्यानं सांगावं." एक आडमुठा, दुसरा त्याहून. सरकारने बायकांना बस फुकट केल्यापासून मंगल महिन्याला माहेरी जाऊन यायची आणि दोन्ही घरांची मनं सांभाळायची.

निवृत्त होताना मास्तरांनी शाळेतल्या टेबलावरच्या दोन बाटल्या घरी आणल्या होत्या. एक दाखले लिहायची काळी, दुसरी स्वतःची निळी. कपाटात त्यातली एक वाळून गेली. कुठली हो, असं मंगलने विचारलं तेव्हा मास्तर छातीठोक म्हणाले होते, "काळी!"

आणि त्यांनी, आई जाऊन चार महिने झालेल्या माणसाला, लग्नाचं आमंत्रण काळ्या शाईत धाडलं होतं. तेही सुतक मानत नाही असं तोंडावर सांगून. त्याने तो टोमणाच समजला असणार. दुसरं काय समजेल कुणी?

"अरारारा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी ग्लास खाली ठेवला. पंचशीलेचं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. मामाने हात धरून मंडपात नेल्याशिवाय मी उभी राहणार नाही, असं तिने आधीच बजावून ठेवलं होतं.

"निळ्या दाखव," ते म्हणाले. "हायेत तेवढ्या सगळ्या."

ज्योतीने बाटल्या मांडल्या. मास्तरांनी खिशातून पेन काढलं. पंधरा वर्षांपूर्वी निबचं टोक स्वतः घासून रुंद केलेलं, देवनागरीच्या वळणासाठी. प्रत्येक शाईत ते निब बुडवायचे, 'चि. बुद्धरत्न' एवढंच लिहायचे, मग एक डोळा मिटून बघायचे, मग दुसरा. पहिली शाई नेहमीची गर्द निळी.

"ही चांगली हाय की सर."

"उजवा निळी म्हणायलाय, डावा काळी. न्हाई. त्याच्या वसरीवर उजेड कसला असतोय, कुणाला ठावं. परत तीच गत नको."

दुसरी आकाशी. ती कागदावर इतकी फिकट उमटली की मास्तरांनी नाक मुरडलं. "ही म्हंजे आलास तर आलास, असं म्हणल्यागत दिसायलीय. मला त्याला बोलवायचंय."

मग ज्योती कपाटाच्या मागे गेली आणि तीन लहान बाटल्या घेऊन आली. कॉलेजच्या पोरी वह्या सजवायला असले रंग मागतात, म्हणून तिने मागवल्या होत्या. तिन्ही निळ्या आणि हिरव्याच्या मधल्या. पहिलीने लिहिलेलं नाव पत्र्याच्या पेटीला रंग फासल्यासारखं एकसारखं, निर्जीव दिसलं. दुसरी चांगली होती, पण कागदावर फुटली. बुद्धरत्नाच्या 'त्न'ला मिशा आल्या. ज्योती फस्सकन हसली. मास्तरही हसले असते, पण आज त्यांना हसू परवडत नव्हतं.

तिसरीने लिहिलं आणि ज्योतीने कागद उजेडाकडे वळवला. अक्षराच्या सुरुवातीला रंग पातळ, जवळजवळ पाण्याचा. आणि वळण घेऊन जिथे रेघ संपते, तिथे खोल, विहिरीच्या तळासारखा. एकाच अक्षरात दोन रंग, आणि दोन्ही एकाच बाटलीतले.

"हे कसं काय?"

"जिथं हात थांबतोय तिथं शाई साचती सर. साचली की गडद होती. पळत पळत लिवलं की फिकट. तुमचं निब रुंद हाय, म्हणून लई उठून दिसायलंय."

मास्तरांनी वाकून पाहिलं. 'चि.' फिकट होता. 'बुद्ध' बरा होता. 'रत्न'वर मात्र हात रेंगाळला होता, आणि ते कागदावर लपत नव्हतं.

झेरॉक्सच्या रांगेत उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने मान पुढे काढली. "ये तो फिरोजी है मास्टरसाब. हमारी अम्मी की ओढनी थी ऐसीच."

"मोरपंखी म्हणतेत आमच्यात," ज्योती म्हणाली.

मास्तरांनी डावा डोळा मिटला, मग उजवा. "नवा डोळा निळी म्हणायलाय. जुना हिरवी म्हणायलाय." ते थांबले. "पण काळी कुणीच म्हणत न्हाई. बांध ही."

त्या दुपारी त्यांनी पत्र लिहिलं. पाचच ओळी, वडिलांच्या वेळेपासूनच्या. माफीची ओळ घालावी असं दोनदा मनात आलं, पण मारोतीच्या पत्रात ती कधी नव्हती, आणि असल्या गोष्टी तोंडाने बोलायच्या असतात. शाई वाळल्यावर त्यांनी मंगलला हाक मारली.

"बघ जरा."

"तुमीच म्हणताव ना, वाचायचं न्हाई म्हणून?"

"वाचू नको. रंग सांग."

मंगलने डोळे अर्धवट मिटून, अक्षरं न वाचण्याचा जमेल तेवढा प्रयत्न करत कागद पाहिला. "निळा हाय. मोराच्या मानंवानी. कामून?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मंगल पदराला हात पुसत उभी होती. ऐकता ऐकता हात थांबले.

"तीन वर्षं!" ती म्हणाली. "तीन वर्षं म्या तुमच्यात आन् त्याच्यात चटणीगत वाटली गेले, आन् हे काय निघालं, तर शाईची बाटली! म्या इचारलं हुतं, कुठली वाळली म्हणून. इचारलं हुतं का न्हाई?"

"इचारलं हुतंस."

"मग?"

मंगल आत गेली, भांडी जरा जास्तच जोरात आपटली आणि पुन्हा दारात आली. तिचे डोळे भरले होते. "उद्याची सकाळची बस हाय," ती म्हणाली. "तुमीच जावा. म्या येनार न्हाई. तुमचं तुमी निस्तरा."

खटकचिंचोळीत बुद्धरत्नाच्या अंगणात तूर वाळत घातली होती आणि तो ओसरीवर खाटेवर बसला होता. दाजी पायवाटेने येताना दिसले तसा तो उठला. मान राखायला तो कधी चुकला नव्हता.

"जय भीम, दाजी."

"जय भीम."

पाणी आलं. तुरीचा भाव, मग पाऊस, मग पुन्हा तुरीचा भाव. मास्तरांनी पाकीट काढून पुढे धरलं. बुद्धरत्नाने ते घेतलं, पण फोडलं नाही.

"ह्या बारीला सवता आलाव."

"व्हय. बसनं आलो. मोटारसायकल सोडली मी. दिसत नव्हतं." मास्तरांनी पिशवीतून लेबल नसलेली बाटली काढून खाटेवर ठेवली. "मागल्या बारीला मी ह्या शाईनं लिवलं हुतं. मला ती निळी दिसायची, रत्ना. काल कळलं, काळी हाय. माझ्या दोनी डोळ्यांला पडदा आलता. माझी चूक झाली."

चूक हा शब्द मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईने लिहिला होता. तोंडाने म्हणायला तो बराच जड गेला.

बुद्धरत्न बाटलीकडे बघत राहिला. मग आत गेला आणि पेटीतून घडी घातलेला कागद घेऊन आला. कागद स्वच्छ होता. ठेवणाऱ्याने तो जपला होता.

"म्या हे वाचलं आन् मला वाटलं, दाजी म्हणायलेत, घे तुजं सुतक." त्याने घडी उघडली. "आईची कापडं सुदिक पेटीतून काढली नव्हती म्या तवा. आन् आज सांगायलाव, डोळं. चाळीस वर्षं शाळा शिकवलेला मानूस शाई वळकंना? निमित्त बरं सापडलं, दाजी."

"निमित्त न्हाई रे."

"तुमी म्हणताव म्हणून ऐकायलोय." असं म्हणून त्याने नवं पाकीट फोडलं, मोठ्या माणसाचा मान म्हणून. कागद जवळ धरला, लांब धरला. वाचता वाचता त्याचा चेहरा आवळत गेला.

"ह्या बारीला हिरवी," तो म्हणाला. "निळी शाई माझ्या वाट्याला यायचीच न्हाई का?"

मास्तर खाटेवर पुढे सरकले. "हिरवी?"

"मग काय? हिरवीगार. ज्वारीच्या पाल्यावानी."

"रत्ना, एक डोळा झाक."

"कामून?"

"झाक म्हणलं की झाक!" आवाज शाळेतला निघाला. बुद्धरत्नाने निमूट डोळा झाकला.

"काय दिसायलंय?"

"हिरवी."

"आता दुसरा झाक."

"हिरवीच की. डोळं बदलून शाई बदलती व्हय?"

त्याची बायको चहा घेऊन दारात आली होती. तिने कप ठेवता ठेवता नवऱ्याच्या हातातल्या कागदात डोकावलं. "अवो, निळी हाय की ही! कसली मोरासारखी निळी. हिरवी कुठं दिसायलीय तुमाला?"

बुद्धरत्नाने बायकोकडे पाहिलं. मग दाजीकडे, मग दोन्ही हातांतल्या दोन कागदांकडे. अंगणात वाळत घातलेली तूर, पलीकडची भिंत, आभाळ, सगळीकडे त्याने एकदा नजर फिरवली, जणू कुठे कुठे फसगत झाली आहे ते मोजायचं होतं.

"रातच्याला गाड्यांच्या दिव्याभवती मला कडं दिसतंय," तो शेवटी म्हणाला. "वरीस झालं. कुणाला बोललो न्हाई."

"मी बी बोललो नव्हतो," मास्तर म्हणाले.

बुद्धरत्नाने जुना कागद पुन्हा उघडला, काळ्या अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या नाकातून एक आवाज आला. मास्तरांना वाटलं रडतोय. पण तो हसत होता, खांदे हलवून, चहा सांडेपर्यंत. मग मास्तरही हसले. बायकोला काही कळेना. ती म्हणाली, दोघंबी येडं झालेत, आणि आत गेली.

"लई दुखतंय का वो त्या ऑपरेशनात?" बऱ्याच वेळाने बुद्धरत्नाने विचारलं.

"न्हाई. पण टेबलावर एकटं पडायचं भ्या वाटतंय. म्हणून डावा तसाच ठेवलाय. मंगल रोज कटकट करायलीय."

बुद्धरत्नाने पेनासाठी हात पुढे केला. कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवून, दाजीला दिसू नये अशा बेताने हात आडवा धरून त्याने लिहिलं. लिहिताना हात मध्येच थांबला, आणि मास्तरांना ते थांबणं दिसलं. फुंकर मारून त्याने घडी घातली आणि पाकिटात सारली.

"आक्काच्या आधी तुमी वाचायचं न्हाई," तो म्हणाला. "ह्यो माजा नियम."

बसमध्ये पाकीट मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात होतं. दोनदा त्यांनी त्यावर हात ठेवला, पण नियम म्हणजे नियम. घरी पोचले तेव्हा मंगल आणि पंचशीला दोघी दारातच उभ्या होत्या. मास्तरांनी पाकीट मंगलच्या हातात दिलं.

तिने कागद उघडला आणि खालची ओळ मोठ्याने वाचली. "येतो. दोनीकडं."

पंचशीलेने आईच्या गळ्यात हात टाकला. "मामा यायलाय!"

"दोनीकडं म्हंजे कुठं कुठं?" मंगलने विचारलं.

मास्तरांनी कागद घेतला. 'ये' एवढा गडद होता की तिथे पेन बराच वेळ टेकून राहिलं असावं. पुढचं सगळं फिकट, एका दमात लिहिलेलं. त्यांनी उजवा डोळा मिटून बघितलं. हिरवं. डावा मिटून बघितलं. निळं.

"हिच्या लग्नाला," ते म्हणाले, "आन् माझ्या डाव्या डोळ्याला. त्याच्या बी डोळ्यांला पडदा आलाय. दवाखान्याची तारीख घे उद्या. दोघांची."